पिण्याकरिता वापर नाही

शालिकराम तायडे यांच्या सदऱ्याचा डावा खांदा कायम ओला असे. पावसाळ्यात ते लक्षात येत नसे. एप्रिलमध्ये, पातूरच्या घाटाखालची माती तडकून गेलेली असताना, तो ओला पट्टा रस्त्याच्या पलीकडूनही दिसे. त्या खांद्यावर विहिरी मोजायची दोरी असे. दोरीच्या टोकाला किराणा दुकानातले जुने दोन किलोचे लोखंडी माप बांधलेले होते आणि दर हातावर एक गाठ होती. माप विहिरीत सोडायचे, ते पाण्याला लागल्याचा आवाज आला की बोटांतून सरकणाऱ्या गाठी मोजायला लागायचे, आणि तळाला टेकून दोरी सैल पडली की थांबायचे. जितक्या गाठी, तितके हात पाणी. मग दोरी गुंडाळून खांद्यावर, आणि पुढची विहीर.

ते ग्रामपंचायतीचे शिपाई होते. जलसुरक्षक म्हणूनही तेच काम पाहत, म्हणजे विहिरींत जंतुनाशक पावडर टाकत. गावाचे नाव मी देत नाही, कारण चौकशी अजून बंद झालेली नाही. अकोल्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून मी त्या गावाला बरीच वर्षे जात होतो.

पावडर किती टाकायची हे पाणी किती आहे यावर ठरते. बहुतेक गावांत हा हिशोब अंदाजाने होतो. घमेल्यात दोन मुठी कालवायच्या, ओतायच्या आणि वहीत मागच्या आठवड्याचा आकडा उतरवायचा. शालिकराम यांनी अकोल्याच्या प्रशिक्षणात विहिरीचा घेर आणि पाण्याची उंची यांवरून पाणी काढायची रीत शिकून घेतली होती, आणि सोळा वर्षांत ती एकदाही मोडली नव्हती. "पाणी दिसते तेवढं नसते, भाऊ," ते म्हणत. "मोजा." कोणी पाऊसपाण्याची, पिकाची, निवडणुकीची गोष्ट काढली तरी ते बोलणे याच शब्दावर आणून सोडत. मोजा.

खाकी सदऱ्याच्या बाह्या पावडरने कोपरापर्यंत पांढुरक्या झाल्या होत्या. ते येण्याआधी त्यांचा वास येई. गावातली पोरे "पावडर आली, पावडर आली" ओरडत, आणि ते रागावत नसत.

एकदा पातुरात ते माझ्या घरी आले. बायकोने पाण्याचा गिलास दिला. एक घोट घेऊन त्यांनी तो तोंडात घोळवला.

"विहिरीचं नाई. बोरचं हाय," ते म्हणाले. "आनं वहिनी, टाकी दिवाळीपासून धुतली नाई तुमी."

टाकी दिवाळीपासून धुतलेली नव्हती. ती त्याच दिवशी धुतली गेली.

गावातल्या थोरल्या विहिरीवर एकदा मी त्यांच्यासोबत उभा होतो. माप पाण्यात गेले होते आणि गाठी सरकत होत्या. "माह्या आजाले या विहिरीवर चढू देत नव्हते," ते म्हणाले. मग थांबून, "पाच. सहा. सात." दोरी सैल पडली. "आता मी पावडर टाकल्याबिगर पाटलाच्या घरी घागर भरत नाईत." वाक्य पूर्ण करून त्यांनी सात हा आकडा वहीत लिहिला. या विषयावर ते माझ्याशी तेवढेच बोलले.

त्यांच्याकडे दोन वह्या होत्या. एक ग्रामपंचायतीची नोंदवही, जाड पुठ्ठ्याची, पानोपानी शिक्का असलेली. दुसरी दोनशे पानी साधी वही, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. दुसरी कशाला, असे मी विचारले होते. "ते सरकारचं हाय, हे माह्यं हाय," एवढेच उत्तर मिळाले. कच्ची वही असेल असे मी धरून चाललो.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती आणि तिचाही अर्थ लावला नव्हता. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ज्या तसबिरी होत्या त्या शालिकराम रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत. बाबासाहेबांची, गाडगेबाबांची, शिवाजी महाराजांची. शेवटी एक चौकट होती, तिच्यात हिरवे कार्ड होते. पिण्याच्या पाण्याची तपासणी झाली की गावांना कार्ड मिळते. धोका असेल तर लाल, थोडा असेल तर पिवळे, नसेल तर हिरवे. या गावाला हिरवे मिळाले तेव्हा मीच फोटो छापला होता. त्या चौकटीवर धुळीचा थर होता. फडके तिच्या अलीकडे थांबत असे.

गावापासून थोडे वर, टेकडीच्या पायथ्याशी, बरड नावाची वस्ती आहे. बरड म्हणजे दगडाळ, हलकी जमीन. तिथे एकोणीस घरे आणि अकरा विहिरी आहेत. काही घरे कुणब्यांची, काही बौद्धांची. नळयोजनेचा पाइप बरडापर्यंत गेला आहे, पाणी चढलेले नाही. घरांसमोर तोट्या उभ्या आहेत. त्यांतल्या एका तोटीला कौतिकाबाई शेळ्या बांधते.

कौतिकाबाई सत्तरीच्या आसपासची, एकटी राहणारी बाई. तिची विहीर वस्तीत सगळ्यांत वर, टेकडीला लागून. उन्हाळ्यात इतर विहिरी तळाला गेल्या की शेजारी तिच्याकडे येत. शालिकराम दर बुधवारी बरडावर येत आणि सुरुवात तिच्या विहिरीपासून करत.

"शालिक, तुह्या पावडरीनं वरण दवाखान्यासारखं लागून राह्यलं," ती ओट्यावरून म्हणे.

"दवाखान्यात वरण भेटते काय, काकू?"

"तुले भेटन. बिमार तं पड एक डाव."

टेकडीच्या मागच्या अंगाला गिट्टीची खदान होती. ती जुनी होती आणि तिचा खाणपट्टाही जुना. दुपारी बाराला भोंगा वाजे, मग सुरुंग उडत. बरडावरची भांडी हलत, आणि लोक त्याला सरावले होते. तीन वर्षांपूर्वी खदानीच्या मालकाने टेकडीची बरडाकडची बाजूही मागितली. त्या हिवाळ्यात शालिकराम यांनी मला फोन केला. त्याआधी त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता.

"कौतिकाकाकूची विहीर साडेसहा होती. आता साडेचार हाय," ते म्हणाले. "पाऊस मागच्या सालाइतकाच झाला. उपसा वाढला नाई. मी दोन डाव मोजलं."

"कशामुळे?"

"ते मी सांगत नाई. मी फक्त मोजतो. तुमी बारा वाजता येऊन पाहा."

मी गेलो. भोंगा वाजला, जमीन पायाखाली सरकल्यासारखी झाली, आणि विहिरीच्या आतल्या दगडांतून माती गळू लागली. पाणी गढूळ व्हायला काही मिनिटे लागली. कौतिकाबाईने घागर भरून आधीच झाकून ठेवली होती. "बारा वाजाच्या आंधी भरा लागते आता," ती म्हणाली, एखाद्या गाडीची वेळ सांगावी तशी.

नवा भाग मिळू नये म्हणून बरडाने हरकत घेतली. नियम समजायला सोपा होता. घरांचे पिण्याचे पाणी ज्या विहिरीचे, तिच्यापासून ठरावीक अंतराच्या आत नव्या खदानीला परवानगी द्यायची नाही. बरडाच्या अकराही विहिरी त्या अंतराच्या आत होत्या. कौतिकाबाईची तर टेकडीला खेटून. मी जी बातमी दिली तिच्यात मी लिहिले की हरकतदारांची बाजू भक्कम आहे. ते माझे मत होते आणि बातमीत मत घालायचे नसते. पण मला खात्री होती.

सुनावणी तालुक्याला, वरच्या मजल्यावरच्या सभागृहात झाली. बरडावरून पंधराएक माणसे आली होती. कौतिकाबाई पुढच्या खुर्चीवर बसली, पाय खुर्चीवर घेऊन. मालकाच्या बाजूने एक वकील होते, नम्र आणि तयारीचे. शालिकराम दाराशी उभे होते. ते हरकतदार नव्हते. अधिकाऱ्यांनी ग्रामपंचायतीची नोंदवही मागवली होती, आणि शिपाई म्हणून ती बसने घेऊन येण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी ती कापडात गुंडाळून आणली, टेबलावर ठेवली आणि मागे येऊन उभे राहिले.

अधिकारी तरुण होते. त्यांनी वही उघडली, पान शोधले आणि वाचून दाखवले. विहिरीचे नाव, मालक, आणि पुढच्या रकान्यात तीनच शब्द. पिण्याकरिता वापर नाही. दुसरी विहीर. पिण्याकरिता वापर नाही. तिसरी. त्यांनी अकराही नावे वाचली. प्रत्येक नावापुढे तेच तीन शब्द होते.

"म्हणजे ठरावीक अंतरात पिण्याच्या पाण्याचा एकही स्रोत नाही," ते म्हणाले. "मग मी अंतर कुठून मोजायचे?"

सभागृहात कोणाला काही कळले नाही. मलाही नाही. बरडावरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली, जणू आपण चुकीच्या गावाच्या सुनावणीला आलो आहोत.

कौतिकाबाईने पाय खाली घेतले. "मंग आमी काय पेतो, सायेब? शेळीचं मूत?"

मागे कोणीतरी हसले. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी वही फिरवून तिच्याकडे केली. "आजी, हे मी लिहिलेले नाही. तुमच्याच ग्रामपंचायतीची वही आहे. सही आहे, शिक्का आहे."

"मले वाचता येत नाई."

"अक्षर माह्यं हाय," दाराशी उभे असलेले शालिकराम म्हणाले.

ते पुढे आले. हात मागे बांधलेले होते. त्यांनी जे सांगितले ते मी शब्दशः उतरवून घेतले होते, म्हणून इथे देतो.

"सायेब, या अकरा विहिरीले कठडा नाई. जवळ ढोरं बसतात. पिण्याच्या म्हणून दाखवल्या असत्या तं गावाले लाल कार्ड भेटलं असतं. लाल कार्ड म्हंजे गावाची नाचक्की. मंग असं ठरलं का कागदावर त्या पिण्याच्या नाईत म्हणून दाखवा. कागदावरच. लोकं तं पितीलच. मले सांगतलं आनं मी लिवलं. अकराच्या अकरा एका दुपारी लिवल्या."

"कोणी सांगितले?"

"ज्यानं सांगतलं तो बदली होऊन गेला. पेन माह्या हातात होता."

मला भिंतीवरची धुळीची चौकट आठवली. तिचा फोटो मी छापला होता आणि ओळ दिली होती, गावाचे पाणी शुद्ध. शालिकराम यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

त्यांनी पिशवीतून दुसरी वही काढली. प्लास्टिक सोडवायला वेळ लागला. त्या वहीत बरडाच्या अकराही विहिरी होत्या, दर बुधवारी, वर्षानुवर्षे. किती हात पाणी, किती पावडर. नोंदवहीप्रमाणे तिथे पावडर टाकायचे कारणच नव्हते, म्हणून गावाच्या पोत्यातून वाचवलेली पावडर ते वर नेत होते. शेवटच्या पानांवर कौतिकाबाईच्या विहिरीचे आकडे उतरत गेलेले होते.

"म्हणजे शिक्क्याची वही खोटी आणि ही साधी वही खरी?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"हो जी. शिक्का हाय ते खोटं हाय."

वकील उठले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. आपण खोटी नोंद केली असे जो माणूस स्वतः सांगतो, त्याची दुसरी नोंद खरी कशी धरायची, एवढेच त्यांनी विचारले. प्रश्न योग्य होता.

कौतिकाबाई शालिकराम यांच्याकडे पाहत होती. "शालिक, तू लिवलं?"

"हो, काकू."

"मी पेतो ते तुले मालूम होतं."

"दर बुधवारी पावडर टाकतो. मालूम नसन कसं?"

परतीच्या बसमध्ये ती पुढे बसली आणि ते मागे.

अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन फेरतपासणीचा आदेश दिला. तोवर नव्या भागाची परवानगी थांबली. तोवर जुनी नोंदही कायम राहिली. या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला उशिरा कळला. शालिकराम यांना खोट्या नोंदीबद्दल नोटीस आली आणि पावडरचे काम त्यांच्याकडून काढून दुसऱ्या माणसाला दिले गेले. त्या माणसाने नोंदवही पाहिली. बरडाच्या विहिरी पिण्याच्या नव्हत्या. तो वर गेलाच नाही. खरे सांगितल्यामुळे बरडाला इतकी वर्षे मिळणारी पावडर बंद झाली. त्या पावसाळ्यात वस्तीवर तीन घरांत काविळीचे रुग्ण होते.

जुन्या खदानीला सुनावणीची बाधा नव्हती. तिचा पट्टा वेगळा होता. भोंगा बाराला वाजत राहिला.

शालिकराम बुधवारी वर जातच होते. पावडर नसे, दोरी असे. कौतिकाबाई त्यांना पाहिले की आत जाऊन दार लोटून घेई. ते मोजत, लिहीत आणि पुढे जात. असे कित्येक आठवडे चालले. मग एका बुधवारी विहिरीच्या काठावर पाण्याचा गिलास झाकून ठेवलेला होता. दार लोटलेलेच होते. त्यांनी पाणी प्यायले, गिलास पालथा घातला आणि दोरी सोडली. हे मला त्यांनी सांगितले नाही. शेजारच्या घरातल्या बाईने सांगितले. "दोन हात राह्यलं होतं त्या दिवशी," असे मात्र त्यांनी सांगितले.

फेरतपासणीचे पथक पुढच्या मे महिन्यात आले. तारीख तीनदा पुढे गेली होती. एक अधिकारी, एक कारकून, फीत धरायला एक माणूस. मी सकाळीच पोचलो होतो. कौतिकाबाई शेतातल्या एका विहिरीवरून, बरीच पायपीट करून, डोक्यावर घागर घेऊन येत होती. शालिकराम तिच्या विहिरीपाशी उभे होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते.

कारकुनाने आत दगड टाकला. टक्क असा कोरडा आवाज आला.

त्याने गुडघ्यावर पॅड ठेवून पंचनामा लिहायला घेतला. अक्षर चांगले होते. लिहून झाल्यावर त्याने वाचून दाखवले. विहीर जागेवर आढळली. कठडा नाही. पाणी नाही. सबब, पिण्याकरिता वापर नाही.

मी त्याला पुन्हा वाचायला सांगितले. त्याने वाचले. तेच तीन शब्द होते, आणि आता ते खरे होते.

"अरे पण पाणी गेलं कशानं, ते लेव ना बाप्पा," कौतिकाबाई म्हणाली. घागर अजून डोक्यावर होती.

"बाई, आदेश वापर तपासण्याचा आहे, कारण तपासण्याचा नाही," कारकून म्हणाला. तो उद्धट नव्हता. "जिच्यात पाणीच नाही, तिचा वापर आहे असे मी कसे लिहू?"

पंच म्हणून सही करायला विहिरींची माहिती असलेला माणूस हवा होता. कारकुनाने पॅड शालिकराम यांच्याकडे केले. त्यांनी ते घेतले आणि ओळीखाली बोट ठेवून पहिल्यापासून वाचले. शेवटच्या ओळीवर बोट थांबले.

"हे मी एक डाव लिवलं हाय, सायेब," ते म्हणाले. त्यांनी पेनला टोपण लावले, पेन पॅडवर ठेवले आणि पॅड परत दिले. सही दुसऱ्या कोणाची तरी घेतली गेली.

पथक खालच्या विहिरीकडे वळले. शालिकराम यांनी दोरी सोडली. माप तळाला जाईपर्यंत त्यांचे ओठ हलले नाहीत, कारण गाठी मोजायला सुरुवात कुठे करायची ते सांगणारा आवाज आलाच नाही. दोरी सैल पडली. त्यांनी ती वर ओढली, पिशवीतून वही काढली आणि उभ्याउभ्या लिहिले. मी शेजारी होतो, मला दिसले. कौतिकाबाई. शून्य हात. पिण्याकरिता वापर आहे.

"काय लिवलं रे?" तिने विचारले.

त्यांनी वाचून दाखवले.

कौतिकाबाईने घागर उतरवून ओट्यावर ठेवली. "होतं तवा 'नाई' लिवलं," ती म्हणाली. "आता नाई, तं 'आहे' लिवतं!"

वही पिशवीत गेली, पिशवीला दोन वेढे पडले. दोरी गुंडाळून त्यांनी खांद्यावर टाकली आणि पथकाच्या मागून उतार उतरू लागले, पुढच्या विहिरीकडे. त्या दिवशी त्यांनी सुरुवात खालून केली होती, आणि सकाळपासून कौतिकाबाईची ही चौथी विहीर होती. मी त्यांना पाठमोरे पाहिले. खाकी सदऱ्याचा डावा खांदा कोरडा होता.